घाट उतरताना नवी बाइक बंद पडते, सर्व्हिस सेंटरला दोष सापडत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. इंजिनातलं ज्यांना कळतं त्यांनी जरा वेळ काढून वाचावं ही विनंती. प्रकार घाटातला आहे आणि मला आता खरंच भीती वाटायला लागली आहे.

गाडी १६० सीसी, एअर-कूल्ड, एक सिलिंडर, बीएस६, फ्युएल इंजेक्शनची. दसऱ्याला घेतली, मीटरवर दीड हजाराच्या आसपास किमी झालेत. मी राहते वाईला आणि नोकरी पाचगणीला, त्यामुळे सकाळी पसरणी घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा. कंपनीचं आणि शोरूमचं नाव लिहीत नाही. मला गाडी नीट झालेली हवी आहे, बाकी काही नाही.

सकाळी थंड गाडी पहिल्या सेल्फला चालू होते. घाट चढताना काडीची तक्रार नाही, मागे मैत्रीण बसलेली असली तरी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये मस्त ओढते. त्रास सगळा उतरताना. वळण आलं, एक्सलेटर सोडला, गिअर कमी करायला क्लच दाबला, की आरपीएमचा आकडा घसरायला लागतो. १४०० वर थांबायला हवा तो १०००, मग ८००, आणि इंजिन बंद. आवाज एकदम तुटत नाही, दम लागल्यासारखा विझत जातो. वाईट म्हणजे इंजिनबरोबर हेडलाइटही जातो, कारण या गाडीत तो इंजिन चालू असेल तरच लागतो. थंडीच्या दिवसांत सहा-साडेसहालाच अंधार, एका अंगाला दरी आणि समोरून एसटी वर येत असते. क्लच सोडला की उतारामुळे इंजिन परत धरतं, पण मागचं चाक जो हिसका देतं त्याने काळजात धस्स होतं.

खाली वाईत आल्यावर दुसरा प्रकार. बाजारातून २०-२५ च्या स्पीडने, एक्सलेटर अगदी थोडा पिळून चाललं की गाडी मिसिंग मारते, धक्के देते. जास्त पिळला की लगेच सुरळीत. गर्दीत थांबले तर कधी बंद पडते, कधी नाही.

पहिल्या सर्व्हिसिंगला हे सगळं सांगितलं. ऑइल बदललं, चेन टाइट केली, गाडी धुऊन दिली. 'नवीन इंजिन आहे ताई, अजून मोकळं व्हायचंय, चालवा, सुटेल.' परत नेली तेव्हा स्कॅनर लावला. एरर कोड नाही, म्हणजे दोष नाही. तिसरं उत्तर पेट्रोलचं: 'हल्ली २० टक्के इथेनॉल असतं, सगळ्याच गाड्यांना होतं.' पण माझी गाडी ई२० साठीच बनवलेली आहे, तसं टाकीच्या झाकणापाशी स्टिकर आहे. पंप बदलून पाहिला, फरक शून्य. आमच्या ऑफिसात त्याच मॉडेलची आणखी एक गाडी आहे, तीही याच घाटाने येते, तिला काहीही होत नाही.

मला विचारायचंय ते हे: दोष नेमका कुठे शोधायचा? कोड येत नसेल तर तो सिद्ध कसा करायचा? आणि तोवर हा घाट उतरायचा कसा?

प्रतिसाद:

ताई, कराडला माझं गॅरेज आहे. तुम्ही इतकं बारकाईने लिहिलंय की अर्धं काम झालंय.

चढाला गाडी पूर्ण दम देते ही सगळ्यात कामाची गोष्ट. इंजिनला जास्तीत जास्त पेट्रोल चढालाच लागतं. पंप कमजोर असता, इंजेक्टर चोक असता, प्लग गेलेला असता, तर गाडी चढाला रडली असती. साइड स्टँडचा स्विच किंवा लूज वायर असती तर इंजिन चावी काढल्यासारखं एका क्षणात बंद झालं असतं. तुमचं हळूहळू मरतंय. म्हणजे एक्सलेटर बंद असताना इंजिनला जी थोडीशी हवा लागते तिथे घोळ आहे, किंवा गरम झाल्यावर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गळतोय.

पहिला संशय आयडलच्या, म्हणजे एक्सलेटर सोडल्यावर इंजिन चालू ठेवणाऱ्या व्हॉल्व्हवर. थ्रॉटलचं (एक्सलेटरने उघडणारं हवेचं) झाकण मिटलं की हवा एका बारीक वाटेने आत येते आणि ती किती यायची हे तो व्हॉल्व्ह ठरवतो. तो अडकत असेल किंवा वाटेत घाण असेल तर क्लच दाबल्याबरोबर इंजिन सावरत नाही. पूर्ण निकामी झाला तर कोड येईल, पण नुसता सुस्त असेल तर स्कॅनरला सगळं आलबेल दिसतं. थ्रॉटल बॉडी (ते झाकण ज्यात असतं तो भाग) आणि इंजिनच्या हेडमधल्या रबरी जोडाची क्लिपही बघायला सांगा. ती सैल असली की फुकटची हवा आत जाते आणि कमी एक्सलेटरवर अशीच मिसिंग येते.

दुसरा संशय टॅपेटवर, म्हणजे व्हॉल्व्हजवळ ठेवलेल्या बारीक फटीवर. धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा गॅप कमी राहिला असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. थंड गाडी ठीक, गरम गाडीची आयडलिंग लंगडी. मात्र गॅप रात्रभर उभ्या, थंड इंजिनवरच मोजायचा. गरम गाडीवर 'बघितलं, ठीक आहे' म्हणाले तर मानू नका.

घरी करायची चाचणी: घाट उतरून आलात की मोकळ्या जागी गाडी न्यूट्रलला उभी करा आणि एक्सलेटर केसभर पिळून आरपीएम १६००-१७०० वर धरा. संथ चालली तर हवेची वाट. तिथेही फट्-फट् करून अडखळली तर आधी टॅपेट, मग रबरी जोड. बंद पडल्यावर टाकीचं झाकणही एकदा उघडून बघा. सूं करून हवा आत ओढली गेली तर झाकणाचं भोक बुजलंय.

घाटात काही झालं तरी न्यूट्रल करून उतरू नका. गिअर वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर कमी करा आणि क्लच दाबताना उजव्या हाताने एक्सलेटर किंचित धरून ठेवा. इंजिन बंद पडलं तरी ब्रेक लागतात, तेवढा धीर ठेवा. अंधारात मात्र शक्यतो उतरूच नका. गाडी होईपर्यंत सहाची एसटी बरी.

धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार. इतकं समजावून मला शोरूममध्ये कुणीच सांगितलं नव्हतं. आज उजेडातच निघाले आणि खाली आल्यावर चाचणी केली. एक्सलेटर किंचित धरला की इंजिन घड्याळासारखं चालतं, सोडला की ९०० पर्यंत घसरतं आणि गचके खातं. टाकीच्या झाकणाचा आवाज नाही. फोनवर व्हिडिओ काढला, त्यात आरपीएम आणि माझा हात दोन्ही दिसतात. आता हे घेऊन गेले आणि त्यांनी नुसती थ्रॉटल बॉडी साफ करून दिली तर ते पुरे म्हणायचं का?

प्रतिसाद:

साफ करून सुटलं तर उत्तम, पण दीड हजार किमीला तिथे एवढी घाण यायचं कारण नाही, ते कारण विचारा. साफ केल्यावर आयडलची सेटिंग स्कॅनरवरून रीसेट करायला लावा, नाहीतर दोन दिवस वेगळंच नाटक चालेल. कोड नको, लाइव्ह डेटा, म्हणजे चालू इंजिनचे स्कॅनरवरचे आकडे, दाखवा म्हणा. गाडी गरम असताना, तुमच्यासमोर. ऑफिसातली दुसरी गाडी नेता आली तर दोन्हींचे आकडे शेजारी ठेवा, मग पेट्रोलचं कारण कुणी सांगणार नाही.

जॉब कार्डवर 'सर्वसाधारण तपासणी' लिहू देऊ नका. 'गरम इंजिन, उतारावर क्लच दाबल्यावर बंद पडते' असं शब्दशः लिहून घ्या आणि प्रत्येक खेपेची प्रत जपून ठेवा. वॉरंटीत पार्ट बदलायला टाळाटाळ झाली तर कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा, सोबत तो व्हिडिओ. तिथेही दाद लागली नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. टॅपेटचा गॅप किती निघाला तो आकडा इथे टाका, मग पुढचं बघू.