मोठ्या बहुस्तरीय मेन्यूची मांडणी कशी करावी? (मदत हवी आहे)

नमस्कार. नाशिकमधील एका कृषी सेवा केंद्रासाठी मी संकेतस्थळ तयार करीत आहे. मालाचे सुमारे चारशे प्रकार असल्यामुळे मालकांच्या साठा नोंदवहीतील क्रमानुसारच मी तीन पातळ्यांचा मेन्यू केला: मुख्य विभाग, उपविभाग आणि प्रत्यक्ष प्रकार. कर्सर विभागावर नेला की शेजारी पुढची यादी उघडते.

गेल्या आठवड्यात निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदार काकांना दुकानातच तो वापरायला दिला. त्यांनी 'पीक संरक्षण'वर कर्सर नेला, उजवीकडच्या यादीत खाली 'बुरशीनाशके' दिसल्यावर हात साहजिकच तिरका तिकडे वळला, आणि वाटेत कर्सर 'ठिबक सिंचन'ला निसटता लागताच यादी बदलून लॅटरल (ठिबकच्या नळ्या) आणि फिल्टर दिसू लागले. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "अहो, मला भुरीचं औषध पाहिजे, हे नळ्या का दाखवतंय?" (भुरी हा द्राक्षावरचा बुरशीजन्य रोग.)

यावर मी यादी बदलण्यापूर्वी ३०० मिलिसेकंदांचा विलंब ठेवून पाहिला. चूक कमी झाली, पण सगळा मेन्यूच सुस्त वाटू लागला. कर्सर आणि उपयादीचे जवळचे दोन कोपरे यांच्यात अदृश्य त्रिकोण कल्पून, कर्सर त्यात असेपर्यंत यादी बदलायची नाही, हा उपाय मला ठाऊक आहे. मात्र तो केवळ माउसपुरता आहे आणि मालकांच्या म्हणण्यानुसार त्यांचे बहुतेक ग्राहक मोबाइलवरच पाहतील, जिथे बोट नुसते 'वर नेणे' हा प्रकारच नाही. मग संगणकावरही यादी क्लिक केल्यावरच उघडावी का? माझा कल तिकडेच आहे.

दुसरा प्रश्न पातळ्यांचा. लार्सन आणि झेरविन्स्की या संशोधकांनी १९९८ साली ५१२ पानांच्या रचना तपासल्या, तेव्हा ८×८×८ (प्रत्येक पातळीवर आठ पर्याय) या तीन पातळ्यांपेक्षा १६×३२ आणि ३२×१६ या दोन पातळ्यांत लोकांना हवे ते लवकर सापडले. (एका यादीत सातच नावे हवीत, असा आग्रह माझा एक मित्र धरतो, पण तो ज्याचा आधार घेतो तो मानसशास्त्रज्ञ मिलर यांचा १९५६ चा लेख स्मरणशक्तीविषयी आहे, समोर दिसणारी यादी पाठ करावी लागत नाही.) त्यामुळे दोन पातळ्या कराव्यात असे वाटते, परंतु मोबाइलवर 'सूक्ष्म अन्नद्रव्ये' यासारखी नावे दोन ओळींत मोडतात, आणि ओळींतील अंतर कमी केले तर वेलांट्या व रफार कापले जातात. बत्तीस नावांची अशी यादी वाचनीय कशी ठेवावी?

सर्वांत अवघड गोष्ट गंधकाची आहे. ते भुरीसाठी फवारतात आणि खत म्हणूनही देतात, शिवाय शेतकरी बुरशीनाशक न शोधता 'भुरी' किंवा 'डाऊनी' अशी रोगांची नावे शोधतात. मालकांच्या मते नोंदवहीप्रमाणे एका मालाची जागा एकच असावी. मला मात्र 'रोगानुसार' अशी स्वतंत्र शाखा देऊन तोच माल तिथेही दाखवावासा वाटतो. तसे केल्यास पानाच्या माथ्यावरील 'मुख्यपृष्ठ › विभाग › उपविभाग' या पट्टीत ग्राहक ज्या वाटेने आला ती वाट दाखवावी, की कायमची एकच?

ज्यांनी अशा मोठ्या मेन्यूवर प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया अनुभव सांगावा. द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर दुकानात बुरशीनाशकांसाठी गर्दी होते, त्याआधी हे सुरू करायचे आहे.