प्रतिसाद : पात्याआधी खीळ पाहावी

घडीचा नवा चाकू कोणता घ्यावा, असे आपण विचारले आहे. पत्र्याचा डबा उचकटताना आपल्या चाकूचे टोक मोडले, म्हणून या वेळी जाड पात्याचा चाकू घ्यावा, असा सल्ला आपल्याला आधीच्या एका प्रतिसादात मिळाला आहे. तो मला पटत नाही. जाड पाते फळ कापत नाही, फाडते, आणि उचकटण्यासाठी तर कोणतेच पाते घडवलेले नसते. त्या कामासाठी डबा उघडण्याचे वेगळे हत्यार असलेला, व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा घडीचा चाकू घ्यावा.

घडीच्या चाकूचा खरा कस पाते ज्या खिळीवर फिरते, तिच्यापाशी लागतो. दुकानात पाते पूर्ण उघडून, बोथट बाजूने चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलकेच हलवून पाहावे. नवेपणीच खुळखुळ जाणवली, तर तो चाकू घेऊ नये. व्हिक्टोरिनॉक्सच्या लहान चाकूंत पाते केवळ मागच्या स्प्रिंगच्या ताणावर उघडे राहते, म्हणून जोराच्या कामाला, पाते आपोआप मिटू न देणारा अटकाव असलेला चाकूच बरा. फ्रान्समधील ओपिनेल कंपनीच्या ८ क्रमांकाच्या चाकूला साडेआठ सेंटिमीटरचे पाते असते आणि १९५५ पासून वापरात असलेले फिरते कडे त्याला उघड्या स्थितीत घट्ट धरते.

माझ्याकडे ओपिनेलचा कार्बन पोलादाचा चाकू आहे. निसण्यावर त्याला चटकन उत्तम धार येते, परंतु कैरी कापून तसाच ठेवला की पाते काळवंडते, आणि पावसाळ्यात लाकडी मूठ फुगून पाते खाचेत इतके रुतते की नखाने निघत नाही. आपण कोकणात राहता, तेव्हा स्टेनलेस पातेच घ्यावे, आणि लाकडी मुठीचा चाकू घेतलाच, तर पावसाळ्यापूर्वी मुठीला जवसाचे तेल मुरवावे.