सेन्सरलेस बीएलडीसी ब्लोअर सुरू होताना मॉस्फेट उडतात, करंट कसा आवरावा?

बेदाणाशेड

नमस्कार मंडळी. तासगावजवळ आमची बेदाण्याची शेड आहे. मार्च-एप्रिलात अवकाळी पाऊस आला की शेडमध्ये दमटपणा धरतो, माल काळा पडायला लागतो आणि नेमकी त्याच वेळी लाइट जाते. म्हणून बॅटरीवर चालणारा ब्लोअर करतोय, बीएलडीसी म्हणजे बिनब्रशच्या डीसी मोटरचा.

मोटर २४ व्होल्ट, २५० वॅट, ४ पोल-जोड्या, बिनलोड ३५०० आरपीएम. रोटरची (फिरत्या भागाची) जागा सांगणारे हॉल सेन्सर नाहीत. इंपेलर (पात्यांचं चाक) १६ सेंमी व्यासाचा, साधारण ६०० ग्रॅम. ड्रायव्हर घरीच बनवलाय: एसटीएम३२एफ१०३ मायक्रोकंट्रोलर, तीन आयआर२१०१ गेट ड्रायव्हर, सहा आयआरएफ३२०५ मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर). पीडब्ल्यूएम (व्होल्टेज झपाट्याने चालू-बंद करून सरासरी ठरवणं) २० किलोहर्ट्झ, कॉम्प्लिमेंटरी, म्हणजे वरचा मॉस्फेट बंद तेव्हा खालचा चालू.

स्टार्टला १२ टक्के ड्युटीवर (चालू वेळेच्या वाट्यावर) अर्धा सेकंद रोटर अलाइन करतो, म्हणजे ठरल्या जागी ओढून धरतो. मग ड्युटी ३० टक्क्यांपर्यंत चढवत कम्युटेशनचा (फेज बदलण्याचा) वेग रोटरची जागा न बघता वाढवतो (ओपन लूप), आणि फिरत्या मोटरचा स्वतःचा व्होल्टेज, म्हणजे बॅक ईएमएफ, दिसायला लागला की त्यावरून जागा ओळखून क्लोज्ड लूप. पाचपैकी तीन वेळा नीट उठतो. उरलेल्या वेळी पाती जागच्या जागी थडथडतात. असे चार मॉस्फेट गेले.

सप्लायच्या मीटरवर अलाइनला २ अँपिअरच्या आत दिसतो, थडथडताना ११-१२. मोटरचा रेटेड करंटच तेवढा आहे. मग ११० अँपिअरचा मॉस्फेट जातो कसा? रॅम्प (वेग चढवणं) आणखी हळू करू, मोठे मॉस्फेट लावू, की तयार ड्रायव्हर घेऊ?

गरमसोल्डर

आधी एक सांगा. मॉस्फेट बॅटरी जोडताक्षणी जातात की स्टार्ट दाबल्यावर? जोडताना ठिणगी पडत असेल तर तो बस कपॅसिटर (सप्लायच्या तारांवरचा) भरतानाचा झटका, त्याचा मोटरशी संबंध नाही. १० ओहमच्या रेझिस्टरमधून आधी कपॅसिटर भरून घ्या, मग थेट जोडा.

बेदाणाशेड

स्टार्ट दाबल्यावरच. ठिणगी बारीक पडते, तुम्ही म्हणता तो रेझिस्टर लावतो.

विमानवेडा

ड्रोनचा ईएससी (तयार मोटर कंट्रोलर) घ्या. ४० अँपिअरचा स्वस्तात मिळतो आणि सेन्सरलेसच असतो. स्टार्टअप पॉवर सेटिंगमधून कमी करता येते. मी अनेक वर्षं वापरतोय.

भोसरीकर

बेदाणाशेड, तुमचा घोळ मीटरमध्ये आहे. मी कंट्रोलर दुरुस्तीच्या कामात आहे आणि याच गैरसमजातून आलेले जळके बोर्ड माझ्या टेबलावर नेहमी असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रोटर थांबलेला असतो तेव्हा बॅक ईएमएफ शून्य. करंटला अडवायला फक्त वाइंडिंगचा रेझिस्टन्स उरतो. तो आधी मोजा, पण साध्या मल्टिमीटरने नको. त्याच्या वायरींचाच ०.२-०.३ ओहम येतो. दोन फेजमधून बरोबर १ अँपिअर सोडा आणि मोटरच्या टोकांवर मिलिव्होल्ट बघा. अशा मोटरला १८० मिलिव्होल्टच्या आसपास येईल, म्हणजे ०.१८ ओहम. तो धरून हिशेब करू.

१२ टक्के ड्युटी म्हणजे २.८८ व्होल्ट. भागिले ०.१८, झाले १६ अँपिअर. आणि सप्लायवर? सप्लायमधून करंट फक्त ऑन वेळेत येतो. बाकी वेळ तोच करंट खालच्या मॉस्फेटमधून मोटरच्या आतल्या आत फिरतो. म्हणून मीटर दाखवतो १६ गुणिले ०.१२, म्हणजे १.९. तुम्हाला दिसलेले २ अँपिअर हेच.

आता थडथड घ्या. ३० टक्के म्हणजे ७.२ व्होल्ट, फेजमध्ये ४० अँपिअर, मीटरवर १२. शिवाय पाती मागे झोलतात त्या क्षणी बॅक ईएमएफ विरोध करायचा सोडून सप्लायच्याच बाजूने लागतो, त्यामुळे खरा करंट ४० च्याही वर जातो. आयआरएफ३२०५ चे ११० अँपिअर हे टॅब (मागची धातूची पट्टी) २५ अंशांवर धरून ठेवलं तर. त्याच्या ८ मिलिओहमवर ४० अँपिअरला जवळपास १३ वॅट होतात, आणि गरम झाला की रेझिस्टन्स वाढतो, मग वॅटही वाढतात. उघड्यावरचा टीओ-२२० (या मॉस्फेटचं पॅकेज) एवढं सोसत नाही.

म्हणून मोठे मॉस्फेट लावून फक्त स्फोट लांबेल. रॅम्प हळू केलात तर उलट तेवढा जास्त वेळ ४० अँपिअर वाहील. ड्युटी ठरवणं सोडा, करंट ठरवा. अलाइन आणि ओपन लूप दोन्ही ठरलेल्या फेज करंटवर चालवा, ड्युटी आपोआप येईल तेवढी येऊ द्या.

किती करंट? पंख्याला सुरुवातीला हवेचा भार जवळपास नसतोच, तो वेगाच्या वर्गाने वाढतो. भार आहे तो जडत्वाचा. तुमच्या इंपेलरचं जडत्व ०.००३ किलो-मीटर वर्ग धरा. ४०० आरपीएमला, म्हणजे पूर्ण वेगाच्या दहाएक टक्क्यांवर, बॅक ईएमएफ पावणेतीन व्होल्ट मिळतो आणि तो नीट वाचता येतो. शून्यापासून तिथवर ०.६ सेकंदात जायला टॉर्क लागतो ०.२१ न्यूटन-मीटर. मोटरचा टॉर्क स्थिरांक दर अँपिअरला ०.०६५ न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे सव्वातीन अँपिअर पुरतात. अंदाज चुकला तरी निभावं म्हणून ८ ठेवा. सोळाही नको आणि चाळीस तर नकोच.

हार्डवेअर: खालच्या तिन्ही मॉस्फेटच्या सामायिक वाटेत ५ मिलिओहमचा शंट (करंट मोजायचा रेझिस्टर). ८ अँपिअरला ४० मिलिव्होल्ट. शंटच्या पायांवरून थेट दोन वेगळे ट्रॅक काढा, पॉवरच्या तांब्यातून सिग्नल घेऊ नका. तिथून १०० ओहम आणि १ नॅनोफॅरडचा फिल्टर, मग एलएम३९३ कंपॅरेटर, जो हा व्होल्टेज ठरवलेल्या रेफरन्सशी ताडून बघतो. तो थोडा आळशी आहे, पण तुमचं इंडक्टन्स १२० मायक्रोहेन्रीच्या घरात असेल तर करंट मायक्रोसेकंदाला ०.२ अँपिअरनेच चढतो, त्यामुळे चालून जातं. त्याचा ऑफसेट मात्र काही मिलिव्होल्ट असतो, एकदा स्कोप लावून रेफरन्स जुळवून घ्या.

कंपॅरेटरचं आउटपुट टायमर १ च्या ईटीआर (बाहेरचा सिग्नल घेणाऱ्या) पिनला द्या आणि चॅनलचा ओसीरेफ क्लिअर (आउटपुट तोडायची सोय) चालू करा. मर्यादा गाठली की तो पल्स तिथेच तुटतो, पुढच्या चक्राला परत सुरू. ड्युटी ५० टक्क्यांच्या आत आहे तोवर हे अगदी शांत चालतं, आणि स्टार्टला तुम्ही त्याच्या वर जातच नाही. ब्रेक पिन यासाठी वापरू नका. ती सगळंच बंद करते, ती शॉर्टसाठी राखून ठेवा. नवा बोर्ड केलात तर एसटीएम३२जी४३१ घ्या, कंपॅरेटर आणि डॅक (अंकावरून व्होल्टेज देणारा) आतच आहेत.

विमानवेडा, ईएससी चांगलेच असतात, पण ते हलक्या प्रोपेलरसाठी जुळवलेले असतात. त्यातली स्टार्टअप पॉवर म्हणजेही शेवटी ड्युटीच. ६०० ग्रॅमच्या इंपेलरला मी ते सुचवणार नाही.

करंटलूप

भोसरीकरांशी सहमत. तयारच घ्यायचा असेल तर व्हेस्क हा मोटर कंट्रोलर घ्या. बेंजामिन व्हेडर यांचं हे ओपन सोर्स काम आहे. त्यात मोटर करंट आणि बॅटरी करंट अशा दोन वेगळ्या मर्यादा असतात, म्हणजे वर सांगितलेला फरक स्क्रीनवरच दिसतो. रेझिस्टन्स, इंडक्टन्स तो स्वतः मोजतो. ओपनलूप ईआरपीएम (विद्युत आरपीएम, म्हणजे आरपीएम गुणिले पोल-जोड्या) भरताना ४०० गुणिले ४, म्हणजे १६०० भरा. माणसं इथे पोल-जोड्या विसरतात.

टीआयचा (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स) एमसीएफ८३१६ए ड्रायव्हर कोणी सुचवला तर तो या मोटरला लहान पडेल, शिखर करंट ८ अँपिअरच आहे.

गरमसोल्डर

अजून एक. शेडच्या जाळीतून वारा आला की बंद ब्लोअर उलटा फिरत असतो. तशात ओपन लूप सुरू केलात तर थडथड ठरलेलीच. आधी खालचे तिन्ही मॉस्फेट ऑन करून ब्रेक लावा, पण तोही पीडब्ल्यूएमने हळूहळू. ब्रेकचा करंट तुमच्या सामायिक शंटमधून जातच नाही, त्यामुळे कंपॅरेटर तिथे तुम्हाला वाचवणार नाही.

आणि अलाइन दोन टप्प्यांत करा. रोटर नेमका १८० विद्युत अंश उलट उभा असेल तर टॉर्क शून्य असतो, तो हलतच नाही. पहिली स्थिती २०० मिलिसेकंद, मग पुढची, ६० अंश सरकवून. तुमचे पाचपैकी दोन फसतात त्यात याचाही वाटा असणार.

बेदाणाशेड

सगळ्यांचे मनापासून आभार. मोजलं, १८५ मिलिव्होल्ट आले. शंट आणि कंपॅरेटर जुन्याच बोर्डावर बसवले, अलाइन दोन टप्प्यांत केलं. स्कोपवर शंटचा सिग्नल पूर्वी डोंगरासारखा चढायचा, आता ८ अँपिअरला सपाट कापल्यासारखा दिसतो. लागोपाठ वीस वेळा सुरू केला, वीसही वेळा उठला. मॉस्फेटला हात लावला तर कोमट.

एकच राहिलंय. क्लोज्ड लूपला जाताना एक हिसका बसतो आणि क्षणभर करंट परत मर्यादेला टेकतो.

भोसरीकर

छान झालं. हिसक्याचं कारण असं की ओपन लूपमध्ये तुम्ही गरजेच्या अडीचपट करंट देताय. रोटर फील्डच्या (वाइंडिंगच्या चुंबकीय क्षेत्राच्या) जवळ चिकटून चालतो, त्या कोनात टॉर्क थोडाच निघतो. क्लोज्ड लूप लागला की कोन एकदम बरोबर होतो आणि तेवढ्याच करंटमधून पूर्ण टॉर्क सुटतो.

४०० आरपीएमला पोचल्यावर वेग तसाच धरा आणि १००-१५० मिलिसेकंदांत करंट ८ वरून ४ पर्यंत उतरवा. त्यासाठी कंपॅरेटरचा रेफरन्स रेझिस्टरऐवजी टायमरच्या एका पीडब्ल्यूएम पिनवरून, आरसी फिल्टर लावून द्या. करंट उतरताना झीरो क्रॉसिंग (बॅक ईएमएफ शून्यातून जाण्याचा क्षण) कम्युटेशनच्या मध्याकडे सरकताना स्कोपवर दिसेल. सलग सहा क्रॉसिंग जागेवर आले की क्लोज्ड लूपला हस्तांतर करा. एक सेकंदात आले नाहीत तर सगळं बंद, दोन सेकंद थांबून परत प्रयत्न, आणि तीन प्रयत्नांनंतर लाल दिवा. शेडवर रात्री कोणी नसतं, इंपेलरमध्ये काडी अडकली तर तो रात्रभर धक्के देत बसायला नको.