आईची शुगर-बीपी आणि सुटणारी ग्रुप पॉलिसी: फॉर्मवर काय लिहायचं? (ऐरोली)

प्रश्न
आई ६३, बाबा ७१. आईला सहा वर्षांपासून शुगर, दोन वर्षांपासून बीपी. मेटफॉर्मिन ५०० दोनदा, टेल्मिसार्टन ४० एकदा. दोघंही चार वर्षं माझ्या कंपनीच्या ३ लाखांच्या ग्रुप पॉलिसीत (आरोग्य विम्यात) आहेत. पुढच्या महिन्यात नोकरी सोडतेय, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यायचीय. एजंट म्हणतो, 'शुगर लिहू नका, पाच वर्षं गेली की कोणी विचारत नाही.' खरं आहे का?

उत्तर १
ताई, अजिबात ऐकू नका. सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, हे खरं. पण फसवणूक सिद्ध झाली तर तेव्हाही नाकारतात. आणि मधल्या पाच वर्षांत ॲडमिट व्हावं लागलं तर?

क्लेम अडकतो तो केसपेपरवर. कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात, 'शुगर कधीपासून?' घरातलं कोणीतरी घाईत सांगतं, 'झाली दहा वर्षं', आणि पहिल्याच पानावर 'के/सी/ओ डीएम, १० वर्षं' अशी नोंद पडते. के/सी/ओ म्हणजे आधीपासून माहीत असलेला आजार, डीएम म्हणजे डायबिटीस. तेच डिस्चार्ज समरीत उतरतं आणि टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) ती ओळ तुमच्या फॉर्मशी ताडून बघतो. सहाची दहा झाली असतील तर पहिलं प्रिस्क्रिप्शन दाखवून डॉक्टरांकडून लगेच सही-तारखेसह दुरुस्ती करून घ्या. क्लेम नाकारल्यावर केलेल्या दुरुस्तीकडे संशयानेच बघतात.

फॉर्मवर निदानाचा महिना-वर्ष, गोळ्यांची नावं, डोस, शेवटचं एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) लिहा. पॉलिसीत दिसणारं 'गेल्या ३६ महिन्यांतलं' ही फक्त आधीपासूनच्या आजाराची व्याख्या, फॉर्मवर काय लिहायचं याची मर्यादा नाही. फॉर्ममध्ये 'कधी झालं होतं का' असं विचारलं असेल तर जुनं ऑपरेशनही लिहायचं. कोऱ्या फॉर्मवर सही नको, आणि भरलेला फॉर्म वाचल्याशिवाय ओटीपी सांगू नका.

उत्तर २
नवी पॉलिसी शोधण्याआधी मायग्रेशन मागा. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि ग्रुपमधली सलग वर्षं वेटिंगमधून (जुन्या आजारांचा क्लेम मिळत नाही त्या सुरुवातीच्या काळातून) वजा होतात. १ एप्रिल २०२४ च्या नियमांनुसार जुन्या आजारांचं वेटिंग जास्तीत जास्त ३ वर्षं, आणि आईंची चार भरलीत. मात्र हा फायदा ३ लाखांपुरताच. १० लाखांची घेतलीत तर वरच्या ७ लाखांचं वेटिंग पहिल्यापासून. मेडिकल करायला लावतील, प्रीमियमवर लोडिंगही (आजारामुळे जादा रक्कम) लागू शकतं.

एचआरकडून चारही वर्षांचे कव्हरेजचे कागद, त्यावर आईंचं नाव असलेले, आत्ताच घ्या. नोकरी सुटली की ते मिळवताना दमछाक होते. अर्ज कव्हर चालू असतानाच जायला हवा.

उत्तर ३
बाबांचं आयुष्मान वय वंदना कार्ड (ज्येष्ठांसाठीच्या सरकारी मोफत उपचार योजनेचं) काढाच. ७० पूर्ण असले की उत्पन्नाची अट नाही. वर्षाला ५ लाख, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले. आधार लागतं. खासगी पॉलिसी असली तरी चालतं. फक्त हॉस्पिटल योजनेच्या यादीत आहे का, हे ॲडमिट करण्याआधी विचारा.

आणि खरं लिहूनही क्लेम नाकारला तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी). ठाण्यात कार्यालय आहे, नवी मुंबई त्यांच्याच हद्दीत येते. फी नाही, वकील लागत नाही. भरलेल्या फॉर्मची प्रत मात्र हवीच, ती पॉलिसीसोबत येते. आली नसेल तर मागून घ्या.