मदत हवी आहे: व्यसनमुक्तीत समुपदेशक व्हायचंय. वय ३८, बी.कॉम. एमएसडब्ल्यू करू की मानसशास्त्र?

नमस्कार.

मी कराडजवळच्या एका गावात राहते. बी.कॉम. झालंय, चौदा वर्षं पतसंस्थेत क्लार्क आहे. दोन मुलं, मोठी यंदा नववीत. आमच्या ह्यांची दारू सुटून येत्या श्रावणात आठ वर्षं होतील.

लांबण लागणार आहे, म्हणून प्रश्न आधी लिहिते. व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून नीट शिकून काम करायचं तर माझ्यासारखीने एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करावं की एम.ए. मानसशास्त्र? आणि नोकरी न सोडता यातलं काही जमतं का?

आता हे का विचारतेय ते.

ह्यांना पहिल्यांदा ज्या केंद्रात ठेवलं, तिथं तिसऱ्या रात्री ह्यांना भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसायला लागल्या. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, मलाही ओळखेनात. तिथले समुपदेशक स्वतः दारूतून बाहेर पडलेले होते. भला माणूस, रात्रभर उशाशी बसून राहिला. मला म्हणाला, "ताई, घाबरू नका, सगळ्यांना असंच होतं." डॉक्टर सकाळी दहाला आले आणि त्यांनी तडक दवाखान्यात हलवायला सांगितलं. अशा अवस्थेत माणूस दगावू शकतो, हे मला तेव्हा कळलं. ह्यांचं नशीब बलवत्तर.

तिथून आल्यावर चार महिन्यांत पुन्हा सुरू झाली. मग पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. तिथले ३५ दिवस आणि नंतरचे फॉलोअप, यावर आमचं घर उभं राहिलं. पेशंटच्या बायकांसाठी तिथं 'सहचरी' गट आहे. त्यात पहिल्या दिवशी मी एक शब्द बोलले नाही, नुसती रडले. कुणी घाई केली नाही. त्या दिवशी मनात आलं, हे काम मला करायचंय. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं. त्या बाईंनी एवढ्या वर्षांपूर्वी पेशंटच्या बायकोचाही विचार केला, याची मला आजही कमाल वाटते.

तेव्हापासून गावातल्या बायका माझ्याकडे येतात. भाजी निवडता निवडता, नाहीतर दळणाच्या रांगेत हळूच विचारतात. मी ऐकते, दोघीतिघींना घेऊन पुण्यालाही गेलेय.

गेल्या दिवाळीत मात्र माझ्या हातून चूक झाली. आमच्या आळीतल्या एकीचा नवरा रोज क्वार्टर-दोन क्वार्टर पिणारा. तिने विचारलं, काय करू? मी म्हणाले, "सण आहे, चार दिवस घरात ठेव, एक थेंब देऊ नको. मन घट्ट कर." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला फिट आली. ओट्याच्या कडेवर डोकं आपटलं, सात टाके पडले. तो वाचला. ती मला काही बोलली नाही, उलट फराळ घेऊन आली. पण ते "घाबरू नका" म्हणणारे गृहस्थ आणि मी, यात काय फरक राहिला? त्यांचाही हेतू चांगलाच होता. आम्ही दोघं आपापल्या अनुभवावर बोललो आणि तो समोरच्याच्या जिवावर बेतता बेतता राहिला. तेव्हापासून कुणी विचारलं तर फक्त "डॉक्टरांकडे जा" एवढंच सांगते. पण तेवढ्यावर थांबवत नाही.

दोन वर्षं पैसे साठवून इग्नूचं, म्हणजे मुक्त विद्यापीठाचं, घरबसल्या एम.ए. मानसशास्त्र करायचं ठरवलं होतं. त्याला कुठल्याही पदवीधराला प्रवेश मिळायचा. पण २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशच बंद केले. मग फोनवर एक जाहिरात आली, 'तीन महिन्यांत सर्टिफाइड अ‍ॅडिक्शन थेरपिस्ट', फी ४५,०००. नाव लिहीत नाही. पैसे भरायच्या आधी मी विचारलं, यात प्रत्यक्ष पेशंटसमोर कधी बसायचं? तर म्हणाले, केस स्टडी पीडीएफमध्ये मिळतील. मी फोन ठेवला.

कृपया माहितगारांनी सांगा. सल्ला कटू असला तरी चालेल.

प्रतिसाद १

ताई, ते ४५,००० वाचले हे फार बरं झालं. आपल्याकडे 'समुपदेशक' ही पाटी वर्षानुवर्षं कुणीही लावत आलंय, म्हणून असल्या कोर्सचं फावतं. आणि दिवाळीचं एवढं मनाला लावून घेऊ नका, तुम्ही ते मुद्दाम केलं नव्हतं.

प्रतिसाद २

मी मनोरुग्णालयात परिचारिका आहे, १७ वर्षं झाली. आधीच्या प्रतिसादाशी मी अर्धीच सहमत आहे. ताईंनी मनाला लावून घेतलं म्हणूनच त्या शिकायला निघाल्यात, ते लागू दे.

अभ्यासक्रमाचं इतर सांगतील. मी एवढंच सांगते, जे तुम्हाला आजपासून उपयोगी पडेल. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की सहा-आठ तासांतच थरथर, घाम, मळमळ, झोप उडणं सुरू होतं. फिट साधारण पहिल्या दोन दिवसांत येते. भास होणं, दिवस-वार न कळणं, माणसं न ओळखणं हे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तुमच्या मिस्टरांना तेच झालं होतं, त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि ती इमर्जन्सी आहे. ज्याला आधी एकदा फिट किंवा भास झालेत, त्याची दारू घरी कधीच तोडायची नाही. डॉक्टर झोपेच्या-शांततेच्या गटातली औषधं ठरावीक मात्रेत देऊन ती रोज कमी करत आणतात आणि बरोबर थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, देतात. हे त्यांच्याच देखरेखीत व्हायला हवं. बायकांना सांगायचं ते असं: "दारू सोडवायचीच आहे, पण पहिले पाच-सात दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली."

आणखी एक. नवऱ्याच्या चहात-भाजीत गुपचूप गोळी घालायचा सल्ला गावोगाव चालतो. ती गोळी बहुतेक वेळा डायसल्फिराम असते. तिच्यावर दारू पडली की रक्तदाब कोसळू शकतो, हृदयावर ताण येतो. पेशंटला पूर्ण सांगून, त्याच्या संमतीनेच ती द्यायची असते. तुमच्याकडे येणारी एखादी हे करत असेल तर तिला थांबवा. यासाठी पदवी लागत नाही.

प्रतिसाद ३

मी एमएसडब्ल्यू करून व्यसनमुक्ती केंद्रात अकरा वर्षं काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या परिस्थितीत माझं मत सरळ एमएसडब्ल्यूच्या बाजूने. पहिलं कारण, त्याला कुठल्याही शाखेची पदवी चालते. एम.ए. मानसशास्त्राला बऱ्याच विद्यापीठांत पदवीला तोच विषय असावा लागतो, तिथं तुमचं बी.कॉम. आडवं येईल. दुसरं कारण मोठं आहे. तुम्हाला ज्या बाईशी बोलायचंय तिचा प्रश्न नुसता मनाचा नसतो. घरात किराणा नाही, सासू म्हणते तूच धड नाहीस, मुलगा शाळेत मारामाऱ्या करतोय, सावकार दारात. एमएसडब्ल्यू माणसाला त्याच्या घरादारासकट बघायला शिकवतं. दोन वर्षं वर्गाबरोबर क्षेत्रकार्य असतं, म्हणजे दर आठवड्याला ठरलेले दिवस एखाद्या संस्थेत, दवाखान्यात, वस्तीत काम करायचं, रोजचा अहवाल लिहायचा आणि पर्यवेक्षकापुढे बसून तो तपासून घ्यायचा. माझ्या पहिल्या अहवालावर सरांनी लाल शाईने लिहिलं होतं, "पेशंट काय म्हणाला हे कुठे आहे? हे सगळं तू काय म्हणालास आहे." अकरा वर्षांत ते वाक्य विसरलो नाही. पीडीएफमधून हे कसं मिळणार?

प्रवेश घेताना 'वैद्यकीय व मनोरोग समाजकार्य' हे विशेषीकरण कॉलेजात आहे का ते विचारा. तुम्हाला जवळचं म्हणजे साताऱ्याला जकातवाडीचं यशवंतराव चव्हाण स्कूल ऑफ सोशल वर्क, किंवा कोल्हापूरची सायबर ही संस्था. पुण्याला कर्वे समाजसेवा संस्था, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन आहेत, पण नववीतली मुलगी सोडून तुम्ही मुंबईला जाल असं वाटत नाही.

पैशाचं स्पष्ट सांगतो. सुरुवातीचं मानधन चौदा वर्षं जुन्या क्लार्कच्या पगारापेक्षा बहुधा कमीच असेल, आणि अनुदानावर चालणाऱ्या केंद्रात ते दर महिन्याला वेळेवर येईलच असं नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या मदतीने चालणाऱ्या पुनर्वसन केंद्रांत समुपदेशकाचं पद असतं. मनोरोगाचं विशेषीकरण असेल तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातही सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्करच्या जागा निघतात, कंत्राटी का होईना. त्या जाहिरातींत पात्रतेच्या अटी कडक असतात, नीट वाचा.

नोकरी सांभाळून पूर्णवेळ एमएसडब्ल्यू? क्षेत्रकार्याचे दिवस चुकवून पदवी घेणारे मी पाहिलेत. पेशंटसमोर बसले की दहा मिनिटांत कळतं. दोन वर्षं बिनपगारी रजा मिळते का ते आधी बघा.

प्रतिसाद ४

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. वरच्यांशी सहमत, फक्त नावांचा गोंधळ दूर करते, कारण त्यातच लोक फसतात.

'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. नुसतं एम.ए. पुरत नाही. आतापर्यंतचा मुख्य मार्ग म्हणजे एम.ए.नंतर दोन वर्षांचं एम.फिल. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झालं, तरी क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना यूजीसीने २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुभा दिली होती. परिषदेने आता नवे अभ्यासक्रम आणलेत. कुठल्याही कॉलेजने काहीही सांगितलं तरी परिषदेच्या यादीत त्या कॉलेजचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव स्वतः शोधायचं. ताई, तुम्हाला हा रस्ता घ्यायला पाच-सहा वर्षं लागतील आणि तुमच्या कामाला त्याची गरज नाही.

समुपदेशक आणि समाजकार्यकर्ते यांच्यासाठी २०२१ चा कायदा आलाय, राष्ट्रीय संलग्न आरोग्य व्यवसाय आयोगाचा. मानसिक आरोग्य समुपदेशक आणि मनोरोग समाजकार्यकर्ते दोघंही त्याच्या यादीत आहेत. दूरस्थ मानसशास्त्र बंद झालं तेही याच कायद्याच्या अनुषंगाने. तुमची दोन वर्षांची तयारी वाया गेली हे वाईट झालं, पण ज्या कामात माणसासमोर बसायचंय ते घरबसल्या शिकवू नये, हे मला पटतं.

केंद्र निवडतानाचं एक सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी निगडित आजारही येतात, म्हणून पेशंट ठेवणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. पेशंटला कोंडणं, साखळीने बांधणं, मारणं याला तिथं थारा नाही. क्षेत्रकार्याला जिथं पाठवतील तिथली नोंदणी पहिल्या दिवशी विचारा.

आणि पदवी हेच सर्वस्व आहे असंही मी म्हणणार नाही. गोव्यात 'संगथ' संस्थेने मानसोपचाराची कुठलीच पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून दारूच्या पेशंटसाठी छोटं समुपदेशन सुरू केलं. काही मोजक्या बैठकांचं. त्याची शास्त्रीय चाचणी झाली, निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि ते चांगले होते. पण त्या माणसांना पद्धतशीर प्रशिक्षण होतं, ठरलेली पद्धत होती आणि त्यांच्या बैठका तपासल्या जात होत्या. तुमच्या दिवाळीच्या सल्ल्यात नेमकं तेच नव्हतं.

प्रतिसाद ५

माझी दारू सुटून बारा वर्षं झाली, एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा स्वमदत गट) मुळे. वहिनी, एकच विचारतो. तुम्ही बायकांचं ऐकता, मग तुमचं कोण ऐकतं? अल-अ‍ॅनॉनच्या, म्हणजे पेशंटच्या घरच्यांच्या गटाच्या, मीटिंगला जाता का? आमच्यातले कितीतरी जण दुसऱ्याला सांभाळायच्या नादात स्वतः परत प्यायला लागले. घरच्यांची स्लिप (घसरण) दिसत नाही, एवढाच फरक.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री मुलं झोपल्यावर ह्यांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. परिचारिका ताईंनी लिहिलेल्या वेळा मी वहीत उतरवून घेतल्या आणि सकाळी आमच्या आळीतल्या 'ती'च्याकडे गेले. दिवाळीनंतर पहिल्यांदाच त्या विषयावर बोललो. माझी चूक तिला स्पष्ट सांगितली. ती म्हणाली, तो परत प्यायला लागलाय. येत्या गुरुवारी तिघं मिळून मानसोपचार डॉक्टरांकडे जायचं ठरलंय, पहिले दिवस तिथंच ठेवतील का ते विचारू.

एए वाल्या भाऊंचा प्रश्न मात्र आत लागला. चार वर्षं झाली, मी कुठल्याच मीटिंगला गेले नाही. आमचं आता बरं चाललंय, मग कशाला, असं वाटायचं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मी जातो, तू का नाही जात, हे मी कधी विचारलंच नाही." पुढच्या महिन्यापासून जाते.

बिनपगारी रजेचा अर्ज लिहून ठेवलाय, व्यवस्थापकांशी सोमवारी बोलणार. दोन वर्षं नाही म्हणाले तर एक वर्ष तरी मागते. साठवलेले पैसे फीला पुरतील, घरखर्चाचं हे बघतो म्हणालेत. मुलीची दहावी नेमकी पहिल्या वर्षात येईल, त्याची धास्ती आहे. पण तीच म्हणाली, आपण दोघी एका टेबलावर अभ्यास करू.

जकातवाडीला कुणी शिकलं असेल तर कृपया दोन गोष्टी सांगा. मनोरोगाचं विशेषीकरण तिथं आहे का, आणि क्षेत्रकार्य आठवड्यातल्या कुठल्या वारी असतं? साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेल्या 'परिवर्तन' व्यसनमुक्ती केंद्रात क्षेत्रकार्याला पाठवतात का, तेही कळलं तर बरं. कराडहून सकाळची पहिली एसटी धरली तर वर्गाला वेळेवर पोचता येतं का?