सराव फेरीत उबुंटू सर्व्हर सुरक्षित करताना गुण कमी का झाले?

प्रश्न
विद्यार्थ्यांच्या सायबरसुरक्षा स्पर्धेच्या सराव फेरीत आम्हाला उबुंटू या लिनक्स प्रणालीवरचा एक सर्व्हर सुरक्षित करायचा होता. इंटरनेटवर मिळालेली तयार स्क्रिप्ट आम्ही सुरुवातीलाच चालवली. तिने फायरवॉल सुरू केली, फाइलींच्या देवाणघेवाणीची एफटीपी सेवा काढून टाकली आणि पासवर्डची कमाल मुदत ९० दिवसांवर आणली. पण गुण वाढण्याऐवजी घटले. खात्यांचे ठरलेले नियम असलेल्या ‘लॉगिन डॉट डेफ्स’ फाइलमध्ये ९० हा आकडा स्पष्ट दिसतो, तरी जुन्या खात्यांची मुदत बदललेली नाही. आमचे कुठे चुकले?

उत्तर १
सर्व्हरसोबत दिलेली सूचनापत्रिका वाचण्याआधी तुम्ही स्क्रिप्ट चालवलीत, असे दिसते. कोणत्या सेवा चालू ठेवायच्या आणि प्रशासकीय अधिकार कोणाला द्यायचे, हे सहसा तिथेच लिहिलेले असते. एफटीपी पासवर्डसुद्धा उघड्या मजकुरात पाठवते हे खरे. परंतु ती सेवा आवश्यक म्हणून नमूद असेल, तर ती काढण्याऐवजी निनावी प्रवेश बंद करून टीएलएस, म्हणजे पाठवलेला मजकूर कूटबद्ध करणारी पद्धत, लागू करणे अपेक्षित असते.

मुदतीचे कारण वेगळे आहे. लॉगिन डॉट डेफ्समधील आकडे फक्त नवे खाते तयार होताना वापरले जातात. आधीच्या प्रत्येक खात्याची मुदत पासवर्डची माहिती साठवणाऱ्या शॅडो फाइलमधील त्याच्या ओळीत, पाचव्या रकान्यात असते आणि तिथे बहुधा ९९९९९ दिवस, म्हणजे जवळपास कधीच न संपणारी मुदत, असा आकडा सापडतो. ती ‘चेज’ आदेशाने खातेनिहाय बदलावी लागेल.

उत्तर २
एक भर घालतो. तपासाशी संबंधित प्रश्न असतील, तर त्यांची उत्तरे आधी लिहून ठेवा, कारण संशयास्पद फाइल किंवा खाते काढल्यावर पुरावाही जातो. त्यानंतर पासवर्ड फाइलमध्ये रूट या सर्वाधिकारी खात्याखेरीज आणखी कोणाचा यूआयडी (खात्याचा ओळख क्रमांक) ० आहे का, प्रशासकीय अधिकार असलेल्या सुडो गटात कोण आहे आणि ठरावीक वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या क्रॉनमध्ये काय नोंदवले आहे, हे स्वतः पाहा. तुमच्या स्क्रिप्टला यांतले काही ओळखता येणार नाही.

प्रश्नकर्ता
चेजने मुदत बदलली, आभार. मात्र एसएसएच या दूरस्थ प्रवेशाच्या सेवेच्या मुख्य फाइलमध्ये रूट लॉगिन ‘नो’ केले, सेवाही पुन्हा सुरू केली, तरी रूटने प्रवेश मिळतोच आहे.

उत्तर २
मुख्य फाइलच्या आरंभी असलेली ‘इन्क्लूड’ ओळ शेजारच्या ‘कॉन्फिग डॉट डी’ निर्देशिकेतील फाइली आधी वाचते, आणि एसएसएच एखाद्या पर्यायाचे पहिले सापडलेले मूल्य ग्राह्य धरते. तिथल्या एखाद्या फाइलमध्ये ‘येस’ लिहिलेले असावे. प्रत्यक्ष लागू असलेली मूल्ये ‘एसएसएचडी’ या आदेशाला इंग्रजी मोठ्या लिपीतील टी हा पर्याय देऊन पाहता येतात, छोट्या लिपीतील टी केवळ चुका तपासतो. दूरस्थ जोडणीवरून काम करत असाल, तर जुने सत्र चालू ठेवून नव्या सत्रातून प्रवेशाची खात्री करा आणि मगच पहिले बंद करा.

प्रश्नकर्ता
‘येस’ तिथेच होते. आता रूटला प्रवेश नाकारला जातो.