प्रतिनिधित्व की चित्रण? आणि उमाजींच्या माणसांना म्हणायचं काय?

प्रश्न: कंपनी सरकारविरुद्ध बंड करणारे रामोशी नाईक, उमाजी, यांच्या काळावरच्या एका पटकथेवर टिपण लिहिताना 'वैविध्य आहे, पण प्रतिनिधित्व नाही' असं वाक्य सुचलं. मराठीत ते नीट पोचतं का? शिवाय टोळीतल्या माणसांसाठी दरोडेखोर, बंडखोर, पेंढारी यांपैकी कोणता शब्द घ्यावा?

प्रतिसाद १: वाक्य अडतं ते 'प्रतिनिधित्व' या शब्दावर. आपल्याकडे प्रतिनिधी म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बोलायला नेमलेला किंवा निवडलेला माणूस. रामोशाची भूमिका करणाऱ्या नटाला रामोशी समाजाने थोडंच नेमलेलं असतं? समाज पडद्यावर कसा दिसतो हे सांगायचं असेल तर 'चित्रण' म्हणा. त्या समाजातली माणसं लेखनात, नटसंचात, बोलीच्या सल्ल्यासाठी होती की नाही हे सांगायचं असेल तर 'सहभाग' म्हणा. एकाच शब्दात दोन्ही कोंबलं की तक्रार नेमकी कशाबद्दल आहे तेच कळत नाही.

'प्रातिनिधिक' तर आणखी फसवा. टोळीतल्या एका पात्राला प्रातिनिधिक म्हटलं, की 'सगळे असेच' हा अर्थ आपोआप चिकटतो. म्हणजे हेतूच्या बरोब्बर उलट.

प्रतिसाद २: टोळीच्या शब्दाबद्दल. 'दरोडा' हा आज कायद्याचा शब्द आहे: पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी. ही व्याख्या १८६०च्या दंडसंहितेतली (कलम ३९१), आता न्याय संहितेतही तीच. उमाजींना फाशी झाली १८३२ मध्ये. शब्द त्याहून जुना आहे, त्यामुळे संवादात चालेल, पण निवेदकाने वापरला तर तो सरकारी बाजूने बोलतोय असं वाटेल.

'पेंढारी' इथे नकोच. ते शिंदे-होळकरांच्या फौजांमागे लूट करत फिरणारे घोडेस्वार, अनेक जातिधर्मांचे. १८१७-१८ च्या मोहिमेत मोडले गेले. 'बागी' हा शब्द चंबळ खोऱ्यातल्या डाकूंचा. काठियावाडातला 'बहारवटिया' मात्र हेवा वाटावा असा: राज्याशी वैर धरून वाट सोडून बाहेर पडलेला. त्याच्या तोडीचा मराठी शब्द नाही. 'पुंड' जवळ जातो. 'पुंड-पाळेगार' ही जोडी जुन्या लेखनात सत्तेला न जुमानणाऱ्यांसाठी येते. आजच्या प्रेक्षकाला त्यात नुसती दांडगाई ऐकू येईल, ही अडचण.

प्रतिसाद ३: मग 'क्रांतिकारक' का नको? उमाजींना आज आद्यक्रांतिवीर म्हणतातच.

प्रतिसाद २: गौरव म्हणून जरूर, शेवटच्या पाटीवर शोभेल. पण १८३० मधल्या पात्राच्या तोंडी 'क्रांती' घातली की काळ फाटतो. तेव्हा हा शब्द पंचांगवाल्यांचा, ग्रहगणितातला. पात्राने 'बंड' म्हणावं. तीच गोष्ट 'गुन्हेगार जमात'ची. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा तो कायदा १८७१ चा, म्हणजे फाशीनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी आलेला. गोऱ्या अधिकाऱ्याने 'हे जन्मजात चोर' म्हणावं, पण त्या कायद्याच्या भाषेत नाही.

प्रतिसाद १: चित्रण बिघडतं ते बहुतेक जातिनामांच्या वापरात. 'रामोशी' हे जातीचं नाव आणि गावच्या राखणदाराच्या कामाचंही. पुरंदरसारख्या गडांची राखण, गावचा पहारा, त्याबदल्यात हक्क; कंपनी सरकार आल्यावर ती व्यवस्था मोडली आणि बंडाची मुळं तिथे आहेत. पटकथेत राखणदारीचा एकही प्रसंग नसेल, तर 'रामोशी' ऐकून प्रेक्षकाच्या डोक्यात फक्त लुटारू उरतो. मग कपडे कितीही अचूक असोत.

आणि विनोदी पात्राच्या तोंडचे 'भामटा', 'उचल्या' काढा. दोन्ही आपण सर्रास शिवीसारखे वापरतो, पण ती समाजांची नावं आहेत. भामटा तर राज्याच्या विमुक्त जातींच्या (म्हणजे गुन्हेगारीच्या शिक्क्यातून पुढे मुक्त केलेल्या जमातींच्या) यादीत रामोशी आणि बेरडांसोबतच येतो. 'लबाड', 'ठक' हे शब्द आहेत की.

प्रतिसाद ३: 'बेरड' हे विशेषण म्हणून? 'बेरड कुठला', म्हणजे निगरगट्ट.

प्रतिसाद १: तेही त्यातलंच. एखाद्या पात्राचा तुच्छतेचा सूर दाखवायचाच असेल तर ठेवा, पण समोरच्या पात्राची त्यावरची चर्या कॅमेऱ्यात यायला हवी. मूळ वाक्य मी असं लिहीन: 'पडद्यावर जाती अनेक दिसतात, रामोश्यांचं चित्रण मात्र बाहेरून केलेलं आहे.'